दहा फूट दोन इंच

मिस्त्रीने लेव्हल पाईपचं एक टोक गाडीच्या टपावर नेऊन एसीच्या झाकणाला लावलं आणि दुसरं टोक कंपाउंडच्या भिंतीशी धरून मला दिलं. "हलवू नका भाऊ. पाणी थांबू द्या." पारदर्शक नळीतलं पाणी दोन्हीकडे वरखाली झालं आणि मग स्थिरावलं. स्टुलावर उभं राहून मी भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. टेप लावला. जमिनीपासून रेघेपर्यंत दहा फूट दोन इंच. म्हणजे ३.१० मीटर.

भाऊजींचा चेहरा उतरला. कागदावरची उंची बरीच कमी होती. ती कंपनीतून गाडी निघाली तेव्हाची. त्यानंतर टपावर एसी बसला, सोलरची पाटी बसली आणि पाटीखाली लोखंडी चौकट आली. बँकेतून निवृत्त झाल्यावर भाऊजींनी एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचं मोटरहोम करून घेतलं. आत दोन पलंग, ओटा आणि ताईच्या हट्टामुळे देवघराचा एक कप्पा. आता फक्त एक गोष्ट राहिली होती, रस्ता दाखवणारं यंत्र. "तू पत्रकार माणूस, जरा चौकशी कर," म्हणून त्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. चौकशी दोन महिने चालली. लेव्हल पाईपपाशी यायला त्यातला दीड महिना गेला, कारण आधी मी बाकीच्यांसारखाच दुकानात गेलो.

दुकानात काय विचारतात? स्क्रीन सात इंची की दहा इंची, रॅम किती, मागचा कॅमेरा सोबत हवा का. गाडीची उंची कुणीच विचारली नाही. मीही सांगितली नाही, कारण मलाच ठाऊक नव्हती. यंत्र निवडताना पहिला प्रश्न हाच असायला हवा, हे मला एका चहावाल्याने शिकवलं.

त्याचं असं झालं. गाडी गॅरेजमधून घरी आणताना फोनच्या नकाशाने आम्हाला रेल्वेरुळांखालच्या एका बोगद्याकडे वळवलं. रस्ता मोकळा, अंतर कमी, निळी रेघ सरळ. बोगद्याच्या अलीकडे आडवा लोखंडी अँगल होता. त्याच्यावरचा आकडा पोस्टर आणि गंज यांच्यात हरवला होता. भाऊजींनी वेग कमी केला, पण थांबले नाहीत. तेवढ्यात टपरीवरचा माणूस हात हलवत रस्त्यात आला. "काहून चालले भाऊ इकडून? मोबाईल सांगून राहिला म्हणून? एसी इथंच ठेवून जा लागन." मागे चार ऑटो, दोन मोटारसायकली आणि एक छोटा हत्ती. एवढ्यांना मागे सारत ती गाडी रिव्हर्स घ्यायला पंधरा मिनिटं लागली. ताई आत देवघराचा कप्पा धरून बसली होती.

फोनचं काही चुकलं नव्हतं. त्याने कारचा रस्ता सांगितला होता. गुगल मॅप्समध्ये कार, दुचाकी, पायी असे पर्याय मिळतात. माझी गाडी इतकी उंच, इतकी रुंद, इतकी जड आहे हे भरायला रकानाच नाही. मोटरहोमसाठी वेगळं यंत्र लागतं ते यासाठी. गार्मिन आणि टॉमटॉम या दोन्ही कंपन्या कॅम्पर गाड्यांसाठी स्वतंत्र यंत्रं करतात. सुरू केल्यावर ती आधी गाडीची मापं विचारतात, उंची, रुंदी, लांबी, वजन. मग त्या मापात बसतील तेवढेच रस्ते दाखवतात. ऐकायला फार छान वाटतं.

भाचा टेक्सासमध्ये असतो. त्याने तिकडे भाड्याच्या मोटरहोममध्ये असलं यंत्र वापरलं होतं आणि मामा म्हणून माझा मान राखत "घेऊनच टाका" असा सल्ला दिला. (उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र मात्र आणू नकोस, असं मी त्याला बजावलं. साधा जीपीएस बाळगायला काही हरकत नाही, पण उपग्रहाशी दुतर्फा बोलणारी उपकरणं आपल्याकडे परवानगीशिवाय चालत नाहीत आणि विमानतळांवर त्यापायी परदेशी पर्यटक अडकलेले आहेत.) मी त्याला विचारलं, तुझ्या यंत्राला पुलाची उंची कळते कशी? त्याला सांगता आलं नाही. उत्तर कंटाळवाणं आहे, पण सगळी गोम त्यातच आहे. अमेरिकेत पुलांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. प्रत्येक पुलाखाली किती मोकळी उंची आहे याचा तिच्यात रकाना असतो. कुणीतरी जाऊन मोजतं, लिहितं आणि ते खुलं असतं. यंत्रात शहाणपण येतं ते तिथून.

आणि तिथेही लोक धडकतातच. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात एक रेल्वेपूल आहे, ११ फूट ८ इंचांचा. पिवळे दिवे, पाट्या, उंची ओळखून लाल होणारा सिग्नल, सगळं असूनही तिथे भाड्याच्या ट्रकांची टपं केळ्याच्या सालीसारखी सोलून निघत. त्याचे व्हिडिओ जगभर पाहिले गेले. शेवटी २०१९ मध्ये रेल्वेने पूलच आठ इंच उचलून १२ फूट ४ इंच केला. धडका त्यानंतरही झाल्या.

आपल्याकडे? रेल्वेच्या प्रत्येक पुलाला क्रमांक आहे, त्याची मापं रेल्वेच्या दप्तरात आहेत आणि बोगद्याआधीच्या अँगलवर आकडाही रंगवलेला असतो. पण दप्तरातला आकडा आपोआप नकाशात येत नाही. शिवाय तो आकडा स्थिर नसतो. दर दोन-चार वर्षांनी डांबराचा एक थर चढतो. नागपुरात तर गेल्या काही वर्षांत रस्त्यांवर सिमेंटच सिमेंट ओतलंय. रस्ता वर आला, पूल जागच्या जागी राहिला. मोकळी उंची इंच-इंच कमी होत जाते आणि अँगलवरचा रंग जुनाच असतो. पावसाळ्यात उलटं संकट. लोहापूल काय, नरेंद्रनगरचा रेल्वेखालचा रस्ता काय, एक जोराची सर आली की पाणी तुंबतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो ठरलेला. पाण्याची खोली सांगणारं यंत्र अजून निघायचंय.

खरी मेख पुढे आहे. ज्या पुलावर कुणी आकडा भरलेला नाही, तो पूल यंत्राच्या लेखी आकाशाइतका उंच असतो. रकाना रिकामा म्हणजे अडथळा नाही, असंच ते धरून चालतं. म्हणजे महागडं कॅम्पर यंत्र घ्यायचं, त्यात ३.१० मीटर भरायचं, आणि ते बेधडक त्याच बोगद्याकडे नेणार. फोनवर निदान आपण संशय तरी घेतो. या यंत्रावर विश्वास ठेवायला आपण पैसे मोजलेले असतात.

हे भाऊजींना पटवताना मी त्यांना झिरो माईलला घेऊन गेलो. नागपूरकर रोज तिथून जातात आणि रोज दुर्लक्ष करतात. वालुकाश्माचा खांब, शेजारी मागाहून आलेले चार घोडे. हा देशाचा मध्यबिंदू, असं आम्हाला शाळेत सांगितलं गेलं आणि पाहुण्यांना आम्ही तेच सांगतो. मात्र तिथली जुनी नोंद आहे ती ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेच्या स्टँडर्ड बेंचमार्कची, साल १९०७. बेंचमार्क म्हणजे उंचीची खूण. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. दशांशानंतर तीन आकडे! किनाऱ्यापासून टप्प्याटप्प्याने लेव्हल लावत, पट्ट्या वाचत माणसं इथवर आली आणि त्यांनी फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत उंची लिहून ठेवली. तत्त्व आमच्या मिस्त्रीच्या नळीतलंच. खांबापाशी गावांची अंतरंही कोरलेली आहेत, हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल वगैरे. १७० मैल म्हणजे २७४ किलोमीटर. भाऊजींनी फोनवर जबलपूर टाकून पाहिलं आणि पाच-दहा किलोमीटरचा फरक बघून खूश झाले.

मग आम्ही वर्धा रोडला लागलो. तिथे खाली रस्ता, त्यावर ३.१४ किलोमीटरचा उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. हा पूल २०२० मध्ये सुरू झाला आणि पुढे गिनीज बुकात गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कामठी रोडवरही तसाच, त्याहून लांब पूल खुला झाला. गड्डीगोदामला तर खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या डोक्यावर मेट्रो अशी चार मजली थप्पी आहे. नागपूरकरांना याचा भारी अभिमान. रस्ता दाखवणाऱ्या यंत्राचा मात्र इथे पार गोंधळ उडतो. नकाशावर हे सगळे मजले एकाच रेघेवर येतात. आपण वरून चाललो की खालून, हे ओळखायला त्याला उंची कळली पाहिजे, आणि उपग्रहांवरून काढलेली उंची नेहमीच आडव्या जागेपेक्षा कच्ची असते. कारण सोपं आहे. उपग्रह सगळे आपल्या डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही. दोन मजल्यांत जेवढं अंतर, तेवढी चूक त्याची सहज होते. शिवाय पुलाखाली शिरलं की अर्धं आकाश काँक्रीटने झाकलं जातं आणि उरलेल्या लहरी खांबांवर आपटून फिरून येतात. आम्ही खालच्या रस्त्यावर होतो. उज्ज्वलनगरला वळायचं होतं. यंत्र आम्हाला पुलावर समजून "सरळ चला, सरळ चला" म्हणत राहिलं. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या दगडाला स्वतःची उंची तीन दशांशांपर्यंत ठाऊक आहे आणि या दिव्याला मजला कळत नाही!

उंचीचा आणखी एक घोळ. यंत्राच्या पडद्यावर कधी कधी नागपूरची उंची ३११ मीटरऐवजी बरीच कमी दिसते. ते बिघडलेलं नसतं. उपग्रह पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती गोळा धरून उंची मोजतात, समुद्र तसा गुळगुळीत नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाचा मोठा खळगा आहे आणि त्याचा उतार आपल्यापर्यंत येतो. नागपूरला दोन हिशेबांत पन्नास मीटरहून अधिक फरक पडतो. चांगलं यंत्र तो आपणच दुरुस्त करून दाखवतं.

नागपूरहून दक्षिणेला, आताच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पाऊणशे-शंभर किलोमीटरच्या आत हिंगणघाट लागतं. मोटरहोमवाल्यांनी तिथे थांबावं असं मी सुचवीन. झिरो माईलच्या नोंदीतला तो ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे सुरू करणाऱ्या विल्यम लँबटनची कबर तिथे आहे. १८०२ मध्ये मद्रासला पहिली आधाररेषा मोजून तो निघाला, अर्ध्या टनाचं थिओडोलाइट हमालांच्या खांद्यावर घेऊन. वीस वर्षं त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेला सरकत राहिला आणि हैदराबादकडून नागपूरला मुक्काम हलवताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याचं काम एव्हरेस्टने पुढे नेलं आणि नाव त्याचंच शिखराला लागलं. तंबू, बैल, नोकर-चाकर, यंत्रं घेऊन वीस वर्षं रस्त्यावर राहिलेला हा माणूस. मोटरहोमचा पहिला प्रवासी म्हणायला हरकत नाही, फक्त त्याला नकाशा विकत मिळत नव्हता.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे. उपग्रहांबद्दल दुकानदार बरंच बोलतात, त्यात फार अडकू नये. जीपीएस अमेरिकेचं. २ मे २००० पर्यंत त्यात सामान्यांसाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे, ती त्या दिवशी काढली. आपलं नाविक २०१६ मध्ये नाव पावलं, आणि साध्या फोनला सोपा जाणारा एल-१ हा पट्टा मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून त्यात आला. जितक्या यंत्रणांचे उपग्रह दिसतील तितकं चांगलं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

त्याहून महत्त्वाचं ऊन. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उभ्या गाडीत काचेमागे त्याहून कितीतरी जास्त. अॅपल आपला आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते. आमच्याकडे मार्चमध्येच तेवढं होतं. दुपारी दोनला फोन आधी मंद होतो, मग चार्जिंग थांबवतो, मग सरळ पडदा काळा. काचेला चिकटवलेला रबरी स्टँड उन्हाने सैल होऊन तुमच्या मांडीत पडतो. ताईने एकदा फोन ओल्या फडक्यात गुंडाळून एसीच्या जाळीसमोर धरून बुटीबोरीपर्यंत नेला. म्हणून उन्हाळ्यात फिरणाऱ्यांनी फोनवर भिस्त ठेवू नये. डॅशबोर्डमध्ये पक्का बसवलेला अँड्रॉइड पडदा किंवा उन्हात टिकणारं वेगळं यंत्र बरं. गाडीच्या चाकाच्या वेगाशी वायरने जोडता आलं तर आणखी बरं, म्हणजे समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीचा आठेक किलोमीटरचा बोगदा लागला, उपग्रह गेले, तरी ते अंतर मोजत राहतं.

समृद्धीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये शिवमडक्यापासून शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटर खुले झाले तेव्हा माझ्या एका जुन्या यंत्राला त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या पडद्यावर आमची कार पऱ्हाटीच्या शेतांतून धावत होती आणि ते बिचारं शंभरच्या वेगाने "यू टर्न घ्या" म्हणत होतं. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. जो नकाशा फुकट आणि वरचेवर ताजा होत नाही, तो इकडच्या बदलत्या रस्त्यांवर वर्षभरात शिळा होतो. विकत घेताना हे लेखी विचारा. परदेशातून मागवत असाल तर भारताचा नकाशा आहे का, आणि आहे तर त्यात मोठ्या गाड्यांची बंधनं भरलेली आहेत का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भाच्याच्या यंत्राचं पहिल्यावरच "नाही" आलं.

आणि इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा हवाच. ताईला हेमलकसा पाहायचं आहे. आलापल्ली सोडल्यावर जंगल दाट होतं आणि नेटवर्क पातळ. नेटवर्क असताना फोनला उपग्रहांचं वेळापत्रक मोबाईल टॉवरकडून आयतं मिळतं. नसेल तर ते आकाशातून उतरवून घ्यावं लागतं, आणि पूर्ण वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून जंगलात शिरण्याआधीच यंत्र चालू ठेवा. त्याच्याही पुढची गोष्ट, भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर पावसाळ्यात पाणी चढतं आणि गावाचा संपर्क तुटतो. नकाशात पूल वर्षभर कोरडाच असतो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्री नकाशा बघत निघालेली कार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या रस्त्यात शिरली आणि चालवणारा बुडाला. अंधारात, अनोळखी रस्त्यावर, पुढचं डांबर आपल्या डोळ्यांना दिसत नसेल तर थांबायचं. घर सोबतच आहे. मोटरहोमवाल्याला कुठे पोचायची घाई असते?

शेवटी कापसीला गेलो, भंडारा रोडवर. ट्रकवाल्यांचं गाव म्हणावं इतके ट्रक. एका ढाब्यावर तीस वर्षं स्टिअरिंग धरलेले एक उस्ताद भेटले. फोन त्यांच्याकडेही होता, पुढे कुठे जाम आहे ते बघायला. रस्ता ते त्यावर बघत नव्हते. "साहेब, ट्रकची बॉडी तुमच्या घरापेक्षा दोन-तीन फूट वर. जिथून ट्रक गेल्याच्या चाकोऱ्या आहेत तिथून तुम्ही डोळे मिटून जा. जिथं फक्त मोटारसायकलीच दिसून राहिल्या, तिथं थांबा आणि विचारा." मग आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "हाइट किती?" दीड महिन्यात हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस. माप घ्यायला मिस्त्री आला तो दुसऱ्या दिवशी.

तर भाऊजींनी काय घेतलं? वेगळं कॅम्पर यंत्र घेतलं नाही, आणि आजच्या घडीला विदर्भात फिरणाऱ्याने घेऊ नये असंच माझं मत आहे. ते युरोप-अमेरिकेत पैसे वसूल करील, इथे नाही. त्यांनी डॅशबोर्डमध्ये पडदा बसवून घेतला. त्यावर मॅपल्स हे नकाशाचं अॅप, त्यातले स्पीडब्रेकर आणि खड्ड्यांचे इशारे ताईला आवडले. सोबत ओस्मअँड, कारण त्यात अख्खा महाराष्ट्र उतरवून ठेवता येतो आणि गाडीची उंची-वजन भरता येतं. आणि स्टिअरिंगच्या वर, डोळ्यांसमोर, पांढऱ्या पट्टीवर काळ्या मार्करने लिहिलंय: १० फूट २ इंच. खाली बारीक अक्षरात ३.१० मीटर, कारण अँगलवर कधी फूट असतात, कधी मीटर.

ओस्मअँडचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून येतो आणि तो तुमच्या-आमच्यासारखेच लोक भरतात. परवा मी त्या बोगद्याशी परत गेलो. चहा घेतला, टपरीवाल्याकडून ओलं फडकं मागितलं आणि अँगलवरचं पोस्टर काढून गंज पुसला. आकडा निघाला २.७० मीटर. घरी येऊन नकाशात भरायला चार मिनिटं लागली. दिवाळीला गावी जाल तेव्हा वाटेतल्या रेल्वेबोगद्यावरचा आकडा तेवढा वाचून ठेवा आणि भरून टाका. खातं फुकट आहे.